एआयचे वोलोफ बोल गायकाच्या तोंडी बसत नाहीत: नेहमीची अडचण आणि तिच्यावरचे उपाय

सेनेगलच्या गायकाबरोबर गाणं करायला घेतलेल्या जवळजवळ प्रत्येकाला ही अडचण येते. चाल तयार असते, ताल सबार या तिथल्या ढोलावर बसवलेला असतो, विषयही ठरलेला असतो. चॅटबॉटला सांगायचा अवकाश, तो वोलोफमध्ये, म्हणजे सेनेगलमध्ये सगळीकडे बोलल्या जाणाऱ्या भाषेत, मुखडा आणि दोन अंतरे लगेच लिहून देतो. खाली इंग्रजी अर्थ असतो आणि तो वाचून समाधानही होतं. मग ते बोल सेनेगलच्या राजधानीला, डाकारला, जातात आणि तिकडून निरोप येतो: हे वोलोफ नाही. किंवा जरा सौम्यपणे: शब्द आमचेच आहेत, पण असं कोणी बोलत नाही. पुन्हा मागितलं की नवे बोल येतात आणि तोच शेरा मिळतो. टूल बदललं, पैसे भरून वरची आवृत्ती घेतली, तरी गाडी तिथेच अडते.

मी संगीत संयोजन करतो आणि असे बोल दुरुस्त करण्यात माझा बराच वेळ जातो. माझं मत पक्कं झालं आहे: एआयकडे पहिली ओळ मागू नये. पहिली ओळ वोलोफ बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून यावी आणि मग एआयला कामाला लावावं. हा क्रम उलटा झाला की खालच्या सगळ्या तक्रारी एकामागून एक सुरू होतात. क्रम बरोबर असला तरी काही उरतात, पण त्यांना औषध आहे.

वोलोफ शब्द इथे देवनागरीत लिहिताना एक पद्धत ठेवली आहे. लांब स्वर दोनदा लिहिला आहे: आआ, एए, ओओ. उकार-इकाराची लांबी आपल्या लिपीत दाखवता येते, म्हणून तिथे उ-ऊ, इ-ई. वोलोफमधला एक खास स्वर, ज्याच्या डोक्यावर दोन टिंबं असतात, तो ऐकायला थेट आपला 'अ' आहे. रोमनमधल्या एक्स या अक्षराचा उच्चार घशातून घासत येणारा 'ख'. च आणि ज मात्र 'चिमणी' आणि 'जीव' यांतले. 'चमचा' आणि 'जग' यांतले नव्हेत. आपल्याकडचे कोरस गायक इथे हमखास घसरतात.

आधी पाहा: बिघाड लेखनात आहे की भाषेत

गायक 'हे वोलोफ नाही' म्हणतो तेव्हा त्याचे दोन अर्थ असू शकतात आणि उपाय वेगवेगळे आहेत.

सेनेगलमध्ये शाळा फ्रेंचमध्ये होते. वोलोफ घरात, बाजारात, बसमध्ये, रेडिओवर सगळीकडे आहे. देशातले बहुसंख्य लोक ती बोलतात किंवा समजतात. पण ती वाचायची सवय सगळ्यांना नसते. १९७१ मध्ये सरकारने राष्ट्रीय भाषांच्या लेखनासाठी रोमन वर्णमाला ठरवून दिली आणि २००५ च्या आदेशाने वोलोफच्या शुद्धलेखनाचे नियम आणखी पक्के झाले. तरी रस्त्यावरच्या पाट्या, कॅसेटची कव्हरं, व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप फ्रेंच वळणानेच लिहिले जातात. शेजारच्या गाम्बियात वोलोफच बोलतात, पण तिथे इंग्रजांचं राज्य होतं, म्हणून लिहायचं वळण इंग्रजी. एकच आडनाव सेनेगलमध्ये डी-आय-ओ-पी असं लिहितात आणि गाम्बियात जे-ओ-बी-ई. माणसाला ते एकच कूळ आहे हे कळतं, यंत्राला ती दोन वेगळी नावं वाटतात. त्यात अरबी लिपीतलं वोलोफ, ज्याला वोलोफाल म्हणतात, त्याची जुनी आणि मोठी काव्यपरंपरा आहे. मुरीद या तिथल्या सूफी पंथाचे कवी मुसा का यांनी त्यातच लिहिलं. एआयला शिकायला मिळालेल्या मजकुरात या साऱ्या वळणांची सरमिसळ असते आणि त्याच्या एकाच कडव्यात तीन तऱ्हांची शुद्धलेखनं दिसतात.

म्हणून आधी ही चाचणी करा. बोल लेखी पाठवू नका. प्रमाण लेखन वाचता येणाऱ्या कोणाकडून तरी ते मोठ्याने वाचून घ्या आणि आवाज पाठवा. ऐकल्यावर गायक म्हणाला, "हां, हे असं होय!", तर बिघाड फक्त लेखनाचा होता. ऐकूनही तो क्रियापदाशी अडखळला, शब्द मागेपुढे करायला लागला, तर बिघाड भाषेचा आहे आणि शुद्धलेखन सुधारून काही होणार नाही.

लांब स्वर आणि जोड व्यंजन गळतात

लेखनातला सगळ्यात महागात पडणारा दोष हा. वोलोफमध्ये 'कु मुञ्, मूञ्' अशी एक म्हण आहे. जो सोसतो तो हसतो. मुञ् म्हणजे सोसणं, धीर धरणं आणि मूञ् म्हणजे स्मित करणं. सगळी म्हण त्या एका उकाराच्या लांबीवर उभी आहे. चॅटबॉटने दोन्हीकडे ऱ्हस्व उकार लिहिला, की उरतं 'जो सोसतो तो सोसतो'. म्हणीतली आशाच गेली. चालीतही तीच गंमत आहे: पहिला शब्द चट्कन संपवून दुसऱ्यावर सूर ठेवायचा असतो. लेखनात लांबी गेली तर ज्याला वोलोफ येत नाही तो संगीतकार नेमका उलट्या जागी सूर लांबवतो.

प्रेमगीतात हे आणखी ठळक दिसतं. खोल म्हणजे हृदय, खोओल म्हणजे बघ. लाल म्हणजे पलंग, लाआल म्हणजे स्पर्श करणं. खार म्हणजे मेंढा आणि खाआर म्हणजे वाट पाहणं. 'वाट पाहतो' या ओळीत मेंढा शिरला तर गायकाने हसू नये तर काय करावं!

व्यंजनांचंही तसंच. गम म्हणजे विश्वास ठेवणं, गम्म म्हणजे डोळे मिटणं. मराठी माणसाच्या कानाला हा फरक सहज कळतो, आपल्याला 'पता' आणि 'पत्ता' यांची सवय आहे. इंग्रजी-फ्रेंचच्या सावलीत वाढलेल्या यंत्राला तो कळत नाही. दुसरं व्यंजन त्याला टायपिंगची चूक वाटते आणि ते उडवून टाकतं. सेनेगलमध्ये मात्र हा प्रश्न एके काळी थेट राष्ट्राध्यक्षांपर्यंत गेला होता. उस्मान सेंबेन यांनी १९७७ च्या आपल्या चित्रपटाचं नाव 'चेद्दो' दोन डी लावून लिहिलं. राष्ट्राध्यक्ष सेंघोर, जे स्वतः कवी आणि फ्रेंच व्याकरणाचे पंडित, त्यांचा आग्रह एका डीचा होता. सेंबेन हटले नाहीत आणि चित्रपटावर बंदी आली, तिचं अधिकृत कारण हे शुद्धलेखन. चित्रपटात इस्लामच्या प्रसाराबद्दल जे दाखवलं होतं ते खरं कारण असावं असं बरेच जण मानतात. पण एका जोड व्यंजनावर इतकं रान उठू शकतं, हे एआयचा मजकूर डोळे झाकून चिकटवण्याआधी लक्षात ठेवावं.

उपाय सोपा आहे, फक्त चिकाटी हवी. बोलात येणाऱ्या शब्दांची एक यादी करा आणि प्रत्येक शब्द छापील कोशात पाहा. अरामे फाल आणि सहकाऱ्यांचा १९९० चा वोलोफ-फ्रेंच कोश या कामाला उत्तम आहे. गाण्यात वेगळे शब्द फार नसतात, एका बैठकीत यादी होते. मग तीच यादी एआयला द्या आणि सांगा, की याच लेखनाने लिही, यादीबाहेरचा शब्द वापरलास तर त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह टाक. यादी दिल्यावर तो बऱ्यापैकी शिस्तीत राहतो.

प्रत्येक ओळ 'मान'ने सुरू होते आणि 'योव'वर संपते

भाषेचा बिघाड ओळखायची ही सर्वांत सोपी खूण. मान म्हणजे मी, योव म्हणजे तू. कडव्यात दर ओळीला हे दोन शब्द दिसले, की समजावं, यंत्राने इंग्रजी वाक्य घेऊन त्याच्या प्रत्येक शब्दाजागी वोलोफ शब्द ठेवला आहे. 'मान बग्ग योव.' मी, प्रेम, तू. शब्द तिन्ही खरे आहेत, वाक्य मात्र झालेलंच नाही, कारण त्यात क्रियेला चालवणारा भागच नाही.

वोलोफमध्ये क्रियापद स्वतः बदलत नाही. त्याच्या पुढे किंवा मागे एक छोटा शब्द येतो आणि पुरुष, काळ, आणि जोर कशावर आहे हे सगळं तो एकटा सांगतो. हा जोराचा भाग गीतकारासाठी सोन्यासारखा आहे. प्रेमाची एकच गोष्ट चार तऱ्हांनी पाहा:

बग्ग नाआ ला. साधं विधान: मला तू आवडतेस.

दामा ला बग्ग. जोर क्रियेवर. कोणी विचारलं असावं, तुला झालंय तरी काय, आणि उत्तर यावं: अगं, तू आवडतेस मला, म्हणून.

माआ ला बग्ग. जोर करणाऱ्यावर: तू आवडतेस ती मला. बाकीचे बोलतील काहीही.

योव लाआ बग्ग. जोर जिच्यावर प्रेम आहे तिच्यावर: आवडतेस ती तू, दुसरी कोणी नाही.

आपण हे काम 'च' लावून आणि शब्द मागेपुढे करून करतो. मीच, तूच, आवडतेसच. म्हणून मराठी गीतकाराला हे समजायला वेळ लागू नये. मुखड्यात कोणतं रूप हवं हे गाण्याच्या प्रसंगावर ठरतं. प्रतिस्पर्ध्याला उद्देशून असेल तर तिसरं, रुसवा काढायचा असेल तर चौथं. एआयला नुसतं 'मी तुझ्यावर प्रेम करतो' असं सांगितलं तर तो पहिलं रूप देतो किंवा ते मोडकं 'मान बग्ग योव'. तो प्रसंग विचारत नाही, आपणच सांगावा लागतो.

आणखी एक खोच आहे. 'नाआ' हे रूप 'जाणणं', 'आवडणं' अशा स्थितीच्या क्रियापदांना लागलं तर अर्थ वर्तमानाचा होतो: खाम नाआ, मला माहीत आहे. तेच 'जाणं' या क्रियापदाला लागलं की अर्थ होतो झालेल्या गोष्टीचा: देम नाआ, मी गेलो. यंत्राला दोन्हीकडे एकच नियम लावायची सवय असते. त्यामुळे 'मी निघालोय तुझ्याकडे' असं म्हणायचं असताना गाणं 'मी गेलो' म्हणून मोकळं होतं.

मी वापरतो ती विनंती अशी: "खालची ओळ गायकाने सांगितलेली आहे, ती बदलू नकोस. प्रत्येक शब्दाचा अर्थ सांग. क्रियेचं रूप कोणतं आणि जोर कर्त्यावर, कर्मावर की क्रियेवर ते सांग. मग तीच ओळ जोर बदलून लिहून दाखव. खात्री नसेल तिथे तसं लिही." या कामात आजचे चॅटबॉट खरोखर उपयोगी पडतात. व्याकरण समजावणं आणि दिलेल्या साच्यात फेरफार करणं त्यांना कोऱ्या कागदावर गीत लिहिण्यापेक्षा कितीतरी चांगलं जमतं. दाखवलेले पर्याय मग गायकापुढे ठेवायचे. तो त्यातला एक उचलतो, किंवा ते ऐकून त्याला पाचवाच सुचतो, आणि तो बहुतेक वेळा सगळ्यांहून सरस असतो.

उलट भाषांतराच्या चाचणीवर भिस्त ठेवू नका

अनेक जण बोल तपासायला ते परत इंग्रजीत करून बघतात. गूगल ट्रान्सलेटमध्ये २०२४ साली एकदम ११० भाषांची भर पडली, त्यात वोलोफ आली. मेटाच्या २०० भाषांच्या मॉडेलमध्ये ती २०२२ पासून आहे. त्यामुळे ही चाचणी हाताशी आली, पण ती फसवी आहे. भाषांतर करणारं यंत्र मोडक्या वाक्यातूनही हेतू ओढून काढतं. 'मान बग्ग योव' टाकलं तरी ते 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' असं छान वाक्य देईल. ज्या सावलीतून चूक जन्मली त्याच सावलीतून ती वाचली जाते, मग ती दिसणार कशी? अर्थ साफ उलटा झाला असेल तर ही चाचणी पकडते, एवढाच तिचा उपयोग. ओळ गाण्याजोगी आहे का हे तिला विचारू नये.

सगळीकडे 'बि' आणि सगळीकडे तेच यमक

वोलोफमध्ये नामांचे वर्ग आहेत. नाम निश्चित करणारा शब्द नामाच्या मागून येतो आणि वर्गाप्रमाणे त्याचं व्यंजन बदलतं: नित कि, तो माणूस. न्दोख मि, ते पाणी. वेएर वि, तो चंद्र. सूफ सि, ती माती. जिगेएन जि, ती बाई. एआय यातलं बरंचसं विसरतो आणि सगळ्यांना 'बि' लावतो. डाकारच्या तरुण पोरांच्या बोलण्यातही 'बि'चा पसारा वाढलेला आहे, म्हणून प्रत्येक 'बि' चूक समजून खोडू नका. गाणं रॅपच्या वळणाचं असेल तर गायक मुद्दाम तो ठेवेल. म्बालाख या सेनेगलच्या लोकप्रिय नृत्यसंगीताच्या जुन्या वळणाचं असेल तर ठेवणार नाही.

या छोट्या शब्दाचा स्वरही बोलतो. 'इ' असेल तर वस्तू जवळ आहे, 'आ' असेल तर लांब आहे. सेनेगलच्या किनाऱ्यावरून होड्यांतून कॅनरी बेटांकडे निघालेल्या तरुणांवर तिथे खूप गाणी झाली आहेत आणि आपल्याकडूनही या विषयावर बोल मागितले जातात. होडीला गाआल म्हणतात. होडीत बसलेला मुलगा म्हणेल 'गाआल गि', ही होडी. किनाऱ्यावर उभी राहिलेली आई म्हणेल 'गाआल गा', ती होडी, ती तिकडची. एका स्वरात मुलगा आणि आई यांच्यामधलं सगळं अंतर येतं. मुखडा मुलाच्या तोंडी आणि अंतरा आईच्या तोंडी असेल तर हा एक बदल कडव्याचं पारडं फिरवतो. मी पाहिलेल्या एकाही यंत्रलिखित मसुद्यात तो आपणहून आलेला नाही. मागितला तर येतो. म्हणून विनंतीत लिहायचं: बोलणारा कोण, तो कुठे उभा आहे, कोणती वस्तू त्याच्याजवळ आहे आणि कोणती नजरेआड.

यमकाचा घोटाळा याच शब्दातून निघतो. जवळचं प्रत्येक निश्चित नाम 'इ'वर संपतं, म्हणून एआयला यमक फुकटात मिळतं: बि, गि, मि, सि. मराठीत प्रत्येक ओळ 'आहे'वर संपवून यमक जुळलं म्हणण्यासारखंच हे. कान दोन ओळींत कंटाळतो. वोलोफ गीताची खरी मिळकत इतरत्र आहे. कितीतरी शब्दांत नामाचं पहिलं अक्षर आणि मागच्या शब्दाचं व्यंजन सारखं असतं: गाआल गि, जिगेएन जि, सूफ सि. अनुप्रास भाषेतच विणलेला आहे. तो ओळीच्या पोटात खेळवा आणि ओळ क्रियापदावर किंवा नावावर संपवा. तासू नावाचा तालात म्हणायचा जो पारंपरिक प्रकार आहे, त्यात पुनरुक्ती, हाक आणि प्रतिसाद यांवर भर असतो. ओळीअखेरच्या यमकाचा हट्ट आपण पाश्चात्त्य गाण्यांतून नेतो, तो थोडा सैल सोडावा.

सबारवर ओळ सांडते

यंत्राला मात्रा मोजता येतात, पण ताल कुठे दाबतो हे त्याला ऐकू येत नाही. आफ्रिकेतल्या बऱ्याच भाषांत अर्थ बदलणारे स्वरांचे चढउतार असतात, तसे वोलोफमध्ये नाहीत. त्यामुळे चालीला मोकळीक आहे, सूर वरखाली नेला तरी शब्द बदलत नाही. लांबी आणि आघात मात्र पाळावेच लागतात. आघात बहुधा पहिल्या अक्षरावर असतो. सबारच्या वादकांकडे बाक्क नावाच्या रचलेल्या बोलपंक्ती असतात आणि त्यांतल्या कित्येक मुळात बोललेल्या वाक्यांवरून घेतलेल्या आहेत. म्हणजे तिथे ढोल आधीपासूनच भाषा बोलतो. सबारचे थोर वादक दूदू न्जाय रोज (१९३०–२०१५) यांचं वादन लक्ष देऊन ऐकलं तर हे ध्यानात येतं.

उपाय: ओळ लेखी पक्की करण्याआधी गायकाला ती तालावर नुसती बोलायला सांगा, गायला नको. फोनवर रेकॉर्ड करा. जिथे तो श्वास घेतो तिथे ओळ तोडा, एआयने तोडली तिथे नव्हे.

गाणारं यंत्र शब्द चुकीचे उच्चारतं

डेमोसाठी बोल टाकले की गाऊन देणारी टूल्स आता सर्रास वापरतात. त्यांत प्रमाण लेखनातलं वोलोफ टाकलं, की ती इंग्रजी किंवा फ्रेंच नियमांनी वाचतात. सी या अक्षराचा वोलोफ उच्चार 'च', पण चेएब म्हणजे भात या शब्दाचं यंत्राच्या तोंडी 'सीब' होतं. एक्सचा 'ख' व्हायचा तो 'क्स' होतो आणि खाले म्हणजे मूल ओळखू येत नाही.

इथे दोन प्रती ठेवाव्यात. एक खरी प्रत, प्रमाण लेखनातली, जी गायकाला, नोंदणीला आणि प्रकाशनाला जाते. दुसरी फक्त यंत्राला भरवायची. तिच्यात टूलचा आवाज फ्रेंच असेल तर फ्रेंच वळणाने, इंग्रजी असेल तर इंग्रजी वळणाने शब्द उच्चाराप्रमाणे लिहायचे. फाइलच्या नावात 'यंत्र प्रत' असं ठसठशीत लिहा, नाहीतर तीच प्रत पुढे यूट्यूबच्या वर्णनात जाऊन बसते. जोड व्यंजनं मात्र काही केल्या यंत्राच्या गळ्यातून नीट येत नाहीत. शेवटचा गाइड ट्रॅक माणसाच्याच आवाजात हवा.

गायकाची व्हॉइस नोट लेखी उतरत नाही

माणसाकडून पहिली ओळ घ्यायची म्हटलं, की बहुतेक ती व्हॉइस नोटमधून येते. ती आवाजाचं अक्षर करणाऱ्या टूलला दिली तर कधी फ्रेंच उतरतं, कधी भलतंच काही. ओपनएआयच्या व्हिस्परच्या मूळ भाषायादीत हौसा, योरुबा, स्वाहिली, लिंगाला आहेत, वोलोफ नाही. ऑरेंज या दूरसंचार कंपनीने २०२४ मध्ये वोलोफ आणि पुलार या भाषांसाठी ओपनएआय आणि मेटा यांच्याबरोबर काम करत असल्याचं जाहीर केलं, ते याच उणिवेपोटी.

गोंधळाचं एक कारण छोट्या शब्दांत आहे. ला, मा, सा, दु हे रोमनमध्ये फ्रेंचमध्येही दिसतात आणि वोलोफमध्येही. फ्रेंचमध्ये 'सा' म्हणजे त्याचं किंवा तिचं, वोलोफमध्ये तुझं. फ्रेंचमधलं 'मा' म्हणजे माझी, वोलोफमध्ये मला. डी-यू ही दोन अक्षरं फ्रेंचमध्ये 'चा' सांगतात आणि वोलोफमध्ये 'नाही'. त्यात शहरी बोलण्यात फ्रेंच शब्द खरोखरच मिसळलेले असतात: कोन्ताआन नाआ, मी खूश आहे. हा शब्द फ्रेंचमधून आला आणि पक्का वोलोफ होऊन बसला. यंत्र असा शब्द दिसला की पूर्ण ओळच फ्रेंच समजतं.

इथे अजून तरी माणूस लागतो. डाकारमध्ये वोलोफ शिकवणारे आणि लिप्यंतर करून देणारे लोक मिळतात, त्यांना काम द्या. व्हॉइस नोट पाठवताना गायकाला एक विनंती करा: ओळ एकदा नेहमीच्या वेगाने आणि एकदा तोडून तोडून म्हण. दुसऱ्या वेळेला लांब स्वर आणि जोड व्यंजनं स्वच्छ ऐकू येतात.

स्तुतीत भलतंच आडनाव

गेवल म्हणजे तिथले परंपरागत भाट. कुळाचं नाव घेऊन स्तुती करणं हा त्यांच्या गायनाचा कणा, आणि म्बालाखमध्ये तो पुरेपूर उतरला आहे. एआयला हे वरवर माहीत असतं, म्हणून तो अंतऱ्यात सहज एखादं प्रसिद्ध आडनाव घालतो. असं करू देऊ नका. नाव घेतलं म्हणजे त्या घराण्याला हाक मारली. आणि जोप आणि न्जाय यांसारख्या कुळांत थट्टेचं नातं आहे, एकमेकांना चिडवायची त्यांना मुभा असते. त्यामुळे कोणाच्या तोंडी कोणाचं नाव आलं यावर स्तुती आहे की टोमणा हे ठरतं. नावं गायकाने द्यावीत, यंत्राच्या मसुद्यातली सगळी काढून टाकावीत.

तसाच धार्मिक स्वर. वोलोफमधल्या उपलब्ध मजकुरात धर्मविषयक लेखन भरपूर आहे आणि एआयचं प्रेमगीत तिसऱ्या ओळीला प्रवचनाकडे झुकतं. सेनेगलच्या गाण्यांत मुरीदांचं पवित्र तूबा शहर, त्या पंथाचे संस्थापक शेख आमादू बाम्बा, ईश्वराचं नाव हे सगळं मनापासून येतं, पण येतं गायकाच्या श्रद्धेतून. त्याने मागितलं तर ठेवा.

श्रेय कोणाचं

याकडे सगळे काणाडोळा करतात, म्हणून रोखठोक लिहितो. ज्या माणसाने व्हॉइस नोटमधून तुमच्या मोडक्या ओळी उभ्या केल्या, तो सहगीतकार आहे. 'भाषा साहाय्य' म्हणून त्याला आभाराच्या ओळीत ढकलणं अन्यायाचं आहे. सेनेगलमध्ये २००८ चा कॉपीराइट कायदा आहे आणि रचनांच्या हक्कांचं काम सोदाव ही संस्था पाहते. आपल्याकडे आयपीआरएस आहे. गाणं नोंदवताना दोन्हीकडे नाव आणि वाटा लेखी ठरवून टाका, रेकॉर्डिंगच्या आधी. शिवाय एआयने दिलेली एखादी ओळ फारच सहज आणि सुरेख वाटली, तर ती गायकाला ऐकवून विचारा, ही कोणत्या गाण्यातली? वोलोफ मजकूर थोडा असल्यामुळे यंत्र शिकलेली ओळ जशीच्या तशी परत देण्याचा धोका जास्त असतो.

फाइलमध्ये अक्षरं फुटतात

वोलोफच्या रोमन लेखनातली टिंबवाला अ, टोपीवाला ञ आणि शेपटीवाला ङ ही अक्षरं एका टूलमधून दुसऱ्यात जाताना हरवतात. ङच्या जागी चौकोन दिसतो, ञची टोपी उडून नुसता न राहतो. न आणि ञ यांच्या फरकाने प्रमाण लेखनात 'आम्ही गेलो' आणि 'ते गेले' एवढा फरक पडतो: देम नानु, देम नाञु. कधी अक्षर दिसतं बरोबर, पण आतून ते दोन तुकड्यांचं असतं, मग शोधल्यावर सापडत नाही आणि मात्रा मोजणारं टूल एक जादा मोजतं. सगळा मजकूर युनिकोडच्या एनएफसी रूपात, म्हणजे अक्षर आणि त्याची खूण एकाच तुकड्यात जोडलेल्या रूपात, आणून घ्या, हे काम चॅटबॉटला सांगितलं तरी करतो. फॉन्ट नोटो सान्ससारखा घ्या, त्यात ही सगळी अक्षरं आहेत. व्हिडिओचे सबटायटल चढवल्यावर ते एकदा साध्या अँड्रॉइड फोनवर उघडून बघा. फुटलेली अक्षरं बहुधा तिथेच दिसतात.